भरतीची तयारी आणि नडगीचे दुखणे

पोलीस भरतीची जाहिरात येणार अशी बातमी फुटली की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पहाटा बदलतात. भोसरीच्या इंद्रायणीनगरातील मैदानावर, निगडीच्या दुर्गा टेकडीवर, देहूरोडच्या रस्त्याकडेला, चाकण एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यांवर अंधारातच मुले-मुली धावू लागतात. त्यांत कॉलेजात शिकणारे असतात, बारावीनंतर घरी बसलेले असतात आणि रात्रपाळी सुटल्यावर थेट मैदानावर आलेले कंत्राटी कामगारही असतात. पहिल्या आठवड्यात गर्दी मावत नाही. सहा-आठ आठवड्यांनी तीच गर्दी विरळ होते. विचारले तर उत्तर ठरलेले असते : नडगी भरून आली, गुडघा धरला, मांडीची नस ओढली गेली. मैदानावर या नडगीच्या दुखण्याला सगळे 'शिन पेन' म्हणतात आणि ते कष्टाचेच लक्षण आहे असे समजून दात-ओठ खात पळत राहतात.

यात पणाला काय लागलेले असते ते आपल्या घरांना वेगळे सांगायला नको. पोलीस शिपाई पदाची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांसाठी १६०० मीटर आणि मुलींसाठी ८०० मीटर धावणे, दोघांसाठी १०० मीटर धावणे आणि गोळाफेक. त्यात किमान निम्मे गुण मिळाले तरच लेखी परीक्षेचा विचार होतो. म्हणजे दोन वर्षे अभ्यासिकेत बसून सामान्य ज्ञान पाठ केलेल्या मुलाचे भवितव्य चार राउंडच्या धावण्यावर येऊन थांबते. त्या दिवशी पाय साथ देत नसेल तर अभ्यासाची वही उघडायची वेळच येत नाही. पुढची भरती कधी निघेल ते ठाऊक नसते, वय मात्र दर वर्षी वाढत जाते.

म्हणून या अंकात आरोग्याच्या पानावर क्रीडाविज्ञानाचा विषय घेतला आहे. हे शास्त्र फक्त ऑलिंपिकला जाणाऱ्यांसाठी आहे असा आपला समज असतो. खरे तर त्यातील सर्वांत उपयोगी संशोधनाचा मोठा भाग नव्याने भरती झालेल्या साध्या सैनिकांवर झालेला आहे. ज्यांना आधी पळायची सवय नव्हती आणि थोड्या आठवड्यांत खूप पळावे लागले, असे ते तरुण होते. आपल्या मुलांची स्थिती हीच आहे. या संशोधनाचे सार एका वाक्यात सांगायचे तर असे : दुखापत ही बहुतेक वेळा नशिबाने होत नाही, शरीरावरचा भार हाडे-स्नायूंच्या तयारीपेक्षा वेगाने वाढला म्हणून होते, आणि त्या भारात मैदानाइतकीच कंपनीतली पाळीही मोजावी लागते.

नडगीत नेमके काय होते?

हाड म्हणजे सळई नव्हे. ते जिवंत असते आणि सतत दुरुस्त होत असते. धावताना प्रत्येक पाऊल जमिनीवर पडते तेव्हा शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच पट जोर पायावर येतो. १६०० मीटर पळताना असा आघात हजारापेक्षा जास्त वेळा होतो. त्याने हाडात अतिशय बारीक इजा होतात. हे वाईट नाही, कारण त्यामुळेच हाडाला 'मला अजून मजबूत व्हायचे आहे' असा निरोप मिळतो. मग एका प्रकारच्या पेशी थकलेला भाग खणून काढतात आणि दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे हाड भरतात.

अडचण अशी की खणण्याचे काम काही आठवड्यांत उरकते आणि भरण्याच्या कामाला महिने लागतात. रस्ता खोदून ठेवला आहे आणि डांबर अजून पडलेले नाही, अशी ही मधली अवस्था असते. याच काळात हाड तात्पुरते कमजोर असते. नेमक्या याच सुमारास, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, मुलाचा दम वाढलेला असतो. हृदय, फुप्फुसे आणि स्नायू लवकर तयार होतात. धाप लागत नाही, वेळ सुधारते, मित्र पाठ थोपटतात. मग तो म्हणतो, आता दुप्पट पळू. दम तयार असतो, हाड तयार नसते. येथेच नडगी दुखायला लागते.

सुरुवातीला नडगीच्या आतल्या कडेला लांबट पट्टा दुखतो आणि शरीर तापले की दुखणे कमी होते. हा इशारा. तो ऐकला नाही तर पुढे एका बोटाने दाखवता येईल अशी जागा ठणकू लागते, एका पायावर उडी मारली की कळ येते, रात्री झोपेतही ठणका राहतो. हाडाला बारीक तडा गेल्याची ही लक्षणे आहेत. डॉक्टर त्याला 'स्ट्रेस फ्रॅक्चर' म्हणतात. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेमध्ये हा तडा बहुधा दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे साफ आहे' म्हणून पुन्हा पळायला लागणे धोक्याचे असते.

सैन्यांनी काय शोधून काढले?

अमेरिकेच्या मरीन दलात नव्या भरतीच्या जवानांचे काही आठवड्यांचे प्रशिक्षण असते. तिथे एक साधा प्रयोग झाला. एका तुकडीने त्या काळात एकूण सुमारे ८८ किलोमीटर धावायचे, दुसऱ्या तुकडीने फक्त ५३ किलोमीटर. कमी धावलेल्या तुकडीत हाडाला तडा जाण्याचे प्रमाण शंभरामागे ३.७ वरून १.७ वर आले, म्हणजे निम्म्याहून खाली. आणि शेवटच्या तीन मैलांच्या चाचणीतला फरक? जेमतेम अर्ध्या मिनिटाचा. धावण्याचे अंतर ४० टक्क्यांनी कमी होऊनही दम जवळपास तेवढाच राहिला, पाय मात्र वाचले.

इस्राएलच्या सैन्यातले उदाहरण आपल्या कामगार मुलांनी विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. १९८० च्या दशकात तिथे २९५ नव्या जवानांची काळजीपूर्वक तपासणी झाली. १४ आठवड्यांत ३१ टक्के जणांच्या हाडांना तडे गेलेले आढळले. पुढची अनेक वर्षे त्यांनी बूट बदलून पाहिले, बुटातले तळ बदलून पाहिले, औषधेही दिली. शेवटी मोठा फरक पडला तो दोन गोष्टींनी : एकूण चालण्याचे अंतर कमी केले आणि रोज रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली. तडे जाण्याचे प्रमाण ६० टक्क्यांहून अधिक घटले. त्यासाठी काही विकत घ्यावे लागले नाही.

तिसरा अभ्यास ऑस्ट्रेलियाच्या सैन्यातला, २००० साली प्रसिद्ध झालेला. १,५३८ जवानांपैकी निम्म्यांना व्यायामाआधी पायाचे स्नायू ताणून धरायला लावले, निम्म्यांना नाही. १२ आठवड्यांनंतर दोन्हीकडे दुखापती जवळपास सारख्याच होत्या. आपल्या मैदानावर मात्र अजूनही पाय कठड्यावर टाकून अर्धा मिनिट ताणणे म्हणजेच वॉर्म-अप असे समजले जाते. ताणण्यात वाईट काही नाही, पण ते दुखापतीपासून वाचवत नाही. त्यापेक्षा दहा मिनिटे हळू पळणे, गुडघे वर उचलत चालणे, लांब पावलांच्या बैठका, बाजूला सरकत पळणे असा हलता वॉर्म-अप करावा.

बुटांबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी, कारण घरातले पैसे तिथे जातात. अमेरिकेच्या भूदल, हवाई दल आणि मरीन या तिन्ही दलांत हजारो जवानांना तळपायाचा आकार पाहून खास बूट देण्यात आले. दुखापती कमी झाल्या नाहीत. म्हणून पाच-सात हजारांच्या बुटांसाठी आईने भिशी उचलण्याची गरज नाही. पायात नीट बसणारे, बोटे न दाबणारे, टाच न झिजलेले साधे रनिंग शूज पुरेसे आहेत. कंपनीतले सेफ्टी शूज घालून मात्र पळू नये.

किती वाढवायचे?

आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका, असा एक नियम अकॅडमीत सांगतात. हॉलंडमधील ग्रोनिंगन येथे ५३२ नवख्या धावपटूंवर हा नियम तपासला गेला. एका गटाने १३ आठवडे हळूहळू अंतर वाढवले, दुसऱ्याने आठ आठवड्यांच्या नेहमीच्या पद्धतीने. दोन्ही गटांत सुमारे २० टक्के जणांना दुखापत झाली. म्हणजे आठवड्याचा आकडा सांभाळला की काम झाले, असे नाही.

२०२५ मध्ये पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या घड्याळातील नोंदी दीड वर्ष तपासून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातून निघालेली गोष्ट मैदानावर लगेच वापरता येते. मागच्या ३० दिवसांत तुम्ही एका वेळी जास्तीत जास्त जेवढे पळालात, त्यापेक्षा एखाद्या दिवशी १० टक्क्यांहून जास्त पळालात की दुखापतीचा धोका वाढतो. एकदम दुप्पट पळालात तर तो दुपटीपेक्षा जास्त होतो. थोडक्यात, पाय मोडतो तो बहुधा एका दिवसाच्या ईर्षेने. रोज तीन किलोमीटर पळणारा मुलगा रविवारी मित्रांच्या पैजेवर सहा-सात किलोमीटर पळतो आणि सोमवारपासून लंगडतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलेले आहे.

म्हणून पहिला नियम : महिनाभरातली आपली सर्वांत लांब धाव वहीत लिहून ठेवा. तीन किलोमीटर असेल तर पुढची जास्तीत जास्त सव्वातीन. दर चौथ्या आठवड्यात अंतर मुद्दाम कमी करा, म्हणजे खणलेला रस्ता भरायला हाडाला सवड मिळेल. आजारपणाने किंवा ओव्हरटाइममुळे दोन आठवडे सुटले तर जिथे सोडले तिथून सुरुवात करू नका, थोडे मागे या.

दुसरी युक्ती पावलांची. लांब ढांग टाकली की वेग वाढतो असे वाटते, पण टाच शरीराच्या फार पुढे पडते आणि गुडघ्यावर धक्का बसतो. त्याच वेगात पावले थोडी आखूड आणि मिनिटाला पाच ते दहा टक्के जास्त पडतील असे पळाल्यास गुडघ्यावरचा व खुब्यावरचा भार कमी होतो, हे मोजमाप करून सिद्ध झाले आहे. मिनिटभर पावले मोजा. १६० पडत असतील तर १७० पर्यंत न्यायचा प्रयत्न करा.

पाळीसुद्धा भारच आहे

एकच वेळापत्रक छापून भिंतीला लावले की ते सगळ्यांना लागू पडत नाही. दिवसभर अभ्यासिकेत बसणारा मुलगा आणि चाकणला असेंब्ली लाइनवर आठ तास उभा राहून वर ओव्हरटाइम करणारा मुलगा, दोघांनी सकाळी पाचच किलोमीटर पळाले तरी दोघांच्या पायांवरचा भार सारखा नसतो. एकाच्या नडगीला २३ तास विश्रांती मिळते, दुसऱ्याच्या नडगीला सेफ्टी शूजमध्ये सिमेंटच्या फरशीवर उभे राहावे लागते.

हा भार मोजायची सोपी रीत अमेरिकेतील क्रीडाशास्त्रज्ञ कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली. व्यायाम किती मिनिटे केला आणि तो दहापैकी किती अवघड वाटला, यांचा गुणाकार करायचा. ४० मिनिटे पळालो आणि सातइतके अवघड वाटले, तर भार २८०. रोजचा आकडा वहीत लिहायचा. त्याच्याच शेजारी दोन खाणी आणखी आखा : आज कोणती पाळी होती आणि किती तास झोपलो. महिन्याभरात आपोआप दिसेल की दुखणे कोणत्या आठवड्यानंतर डोके वर काढते.

पाळी बदलत असेल तर सरावही तिच्यासोबत बदलला पाहिजे. दुपारच्या पाळीचा आठवडा सर्वांत चांगला. सकाळी पुरेशी झोप घेऊन वेगाचा सराव याच आठवड्यात करावा. पहिल्या पाळीत पहाटे तीनला उठून पळण्यापेक्षा घरी आल्यावर थोडा आराम करून संध्याकाळी पळावे. रात्रपाळीच्या आठवड्यात हलके पळणे आणि ताकदीचा व्यायाम एवढेच ठेवावे. आणि रात्रपाळी सुटल्यावर थेट मैदानावर जाऊ नये. आधी झोप, मग धाव.

शाळा-कॉलेजच्या वयातील ११२ खेळाडूंच्या एका अभ्यासात आठ तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना दुखापत होण्याची शक्यता १.७ पट जास्त आढळली. दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीच्या आवाजात, दिवसा झोपणे अवघड असते, हे मान्य. पण इथे घरच्यांना हातभार लावता येतो. ज्याच्या नावाने घर आस लावून बसले आहे, त्याच्या झोपेच्या वेळी घर शांत ठेवणे ही त्या भरतीतली घरच्यांची मेहनत आहे.

पळण्याइतकीच ताकद महत्त्वाची

२०१४ मध्ये २५ प्रयोगांतील २६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. दुखापत टाळण्यात ताणण्याचा उपयोग दिसला नाही, ताकदीच्या व्यायामाने मात्र खेळातील दुखापती एक तृतीयांशापेक्षाही कमी झाल्या. धावणारी आपली मुले नेमकी हीच बाजू सोडतात. गोळाफेकीसाठी दंड कमावतात. पोटऱ्या, मांड्या आणि कंबर तशीच राहते.

यासाठी जिम लागत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा, २० मिनिटे पुरतात :

• पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा वर-खाली करणे, आधी दोन्ही पायांवर आणि मग एका पायावर. याने पोटरी मजबूत होते आणि नडगीवरचा ओढ कमी होतो.

• बैठका आणि लांब पाऊल टाकून बसणे. गुडघा आत वळू द्यायचा नाही.

• गुडघ्यांवर उभे राहायचे, मित्राने मागून घोटे घट्ट धरायचे आणि शरीर सरळ ठेवून अगदी हळूहळू पुढे झुकायचे. शेवटी हातांवर तोल घ्यायचा. हा 'नॉर्डिक' व्यायाम. आठ हजारांहून अधिक खेळाडूंची माहिती तपासली तेव्हा मांडीच्या मागच्या स्नायूच्या दुखापती याने निम्म्यावर आल्याचे दिसले. १०० मीटरमध्ये नस ओढली जाणाऱ्यांनी हा चुकवू नये. सुरुवात चार-पाच वेळांनीच करावी, नाहीतर दुसऱ्या दिवशी चालता येत नाही.

• एका पायावर अर्धा मिनिट उभे राहणे, पुढे डोळे मिटून; आणि उडी मारून गुडघे किंचित वाकवत अलगद उतरणे.

शेवटचा व्यायाम कबड्डी आणि कुस्ती खेळणाऱ्यांसाठी फार मोलाचा आहे. आपल्या भागात हे दोन्ही खेळ घरोघरी आहेत. पाय जमिनीत रुतलेला, गुडघा आत वळलेला आणि अंग दुसऱ्या दिशेला फिरलेले, अशा क्षणी गुडघ्यातला पुढचा लिगामेंट तुटतो. नॉर्वेत १३ ते १७ वयाच्या १,८९२ फुटबॉल खेळणाऱ्या मुलींवर प्रयोग झाला. सरावाआधी २० मिनिटे पळणे, ताकद, तोल आणि उडी यांचा ठरावीक क्रम केला, तर गंभीर दुखापती जवळपास निम्म्या झाल्या. आपल्या मंडळाच्या कबड्डी संघाला हे आजपासून करता येईल.

मोठ्या खेळाडूंनाही यातून सूट नसते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा अविनाश साबळे सैन्यात ५ महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनमध्ये राहिला आणि पुढे ३००० मीटर स्टीपलचेसचा धावपटू झाला. घोट्याच्या दुखापतीमुळे त्याची २०१८ ची आशियाई स्पर्धा हुकली. पण त्याच वर्षी भुवनेश्वरला त्याने १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये हांगझोऊला आशियाई सुवर्ण, २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटे ९.९१ सेकंद ही वेळ. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पाण्याच्या अडथळ्यावर त्याचा गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया करावी लागली आणि त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हुकली. अशा खेळाडूच्या मागे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि प्रशिक्षक उभे असतात, तो परत उभा राहू शकतो. आपल्या मुलामागे हे कोणी नसते. म्हणून दुखापत होऊच न देण्याची गरज त्याला साबळेपेक्षाही जास्त आहे.

मुलींसाठी थोडे वेगळे

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. रक्त कमी असेल तर ८०० मीटरच्या दुसऱ्या राउंडमध्ये दम तुटणारच. तो आळस नव्हे. तयारी सुरू करण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. महापालिकेच्या दवाखान्यात ही साधी तपासणी होते. जेवणाबरोबर चहा घेऊ नये, कारण त्याने लोह अंगी लागत नाही. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळावे.

पळणे वाढले आणि जेवण तेवढेच राहिले, किंवा वजन घटावे म्हणून जेवण कमी केले, तर पाळी अनियमित होते किंवा थांबते. 'बरे झाले, कटकट गेली' असे समजू नये. शरीराने खर्च भागवण्यासाठी दुसरी कामे बंद केल्याची ती खूण आहे आणि त्यात हाडेही कमजोर होतात. सलग तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांना दाखवावे. अमेरिकी नौदलात ५,२०१ महिला जवानांवर झालेल्या प्रयोगात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्याने हाडांचे तडे २० टक्क्यांनी कमी झाले. आपल्याकडे नाचणी, दूध, तीळ, अंडी आणि कोवळे ऊन यांपासून सुरुवात करता येते. पावडरच्या डब्यापेक्षा रोजची दोन अंडी, मूठभर शेंगदाणे, भिजवलेले हरभरे आणि सोयाबीनची वडी मुला-मुलींना जास्त परवडतात.

ऊन, गोळ्या आणि इंजेक्शने

जून २०१४ मध्ये मुंबईच्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावण्यादरम्यान कोसळून काही उमेदवारांचे मृत्यू झाले. त्यानंतर अंतराचे आणि वेळेचे नियम बदलले गेले. ऊन आणि दमट हवा जीव घेऊ शकते. शरीराला उष्णतेची सवय व्हायला दहा ते चौदा दिवस लागतात, एका दिवसात ती होत नाही. पळणारा मुलगा अडखळू लागला, असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर तो उष्माघात समजावा. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, सर्वांगावर थंड पाणी ओतत राहावे, बर्फ असेल तर लावावा, वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. रुग्णवाहिकेची वाट पाहत बसू नये, अंग गार करणे आधी.

दुखणे दाबून पळण्यासाठी वेदनाशामक गोळी खाणे ही दुसरी मोठी घोडचूक. इशारा देणारी घंटा बंद होते, आग तशीच राहते. त्यात घाम जाऊन शरीर कोरडे पडलेले असेल तर या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करतात. 'ताकदीचे' म्हणून कोणी इंजेक्शन देऊ केले तर तिथून उठून चालू पडावे.

दुखलेच तर

मुरगळले की पहिले दोन-तीन दिवस मालिश, शेक आणि ओढाताण टाळा. क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा, ठणका असेल तर फडक्यात गुंडाळून थोडा वेळ बर्फ लावा. नंतर दुखणार नाही इतपत हालचाल सुरू करा, कारण पूर्ण अंथरूण धरल्याने स्नायू ढिले पडतात. घोटा मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील, हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, गुडघ्यातून 'कट' असा आवाज येऊन तासाभरात तो सुजला असेल, किंवा नडगीवर एकाच जागी ठणका असेल तर डॉक्टरांकडेच जा. गुडघा 'बसवून' घ्यायला कोणाकडे जाऊ नका.

पिंपरीच्या संत तुकारामनगरमधील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महापालिकेचे आहे. ज्यांच्या पगारातून ईएसआयची कपात होते त्यांना, कंत्राटी कामगार असले तरी, चिंचवडच्या मोहननगरमधील ईएसआय रुग्णालयात जाता येते. हा आपल्या पगारातून भरलेला हक्क आहे. आवश्यक वर्गणी भरलेली असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या आजारी रजेत मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षाला ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. रजा घेतली तर पगार बुडेल या भीतीने मोडक्या पायावर लाइनवर उभे राहणाऱ्यांनी हे आधी विचारून घ्यावे.

परत पळायला कधी लागायचे? अर्धा तास भरभर चालून काहीच दुखले नाही, एका पायावर दहा उड्या मारून कळ आली नाही, की एक मिनिट पळणे आणि दोन मिनिटे चालणे असे सुरू करा. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखले नाही तरच पुढची पायरी.

वस्तीतल्या अकॅडमी चालवणाऱ्या भावांना आणि मैदानावर शिट्टी घेऊन उभ्या असणाऱ्या ताईंना एक विनंती. 'दुखतंय' म्हणणाऱ्या मुलाला कामचोर म्हणू नका. नडगीला हात लावून पाहा, त्याची पाळी विचारा, झोप विचारा आणि त्या दिवशी त्याला टाचा वर-खाली करायला बसवा. जाहिरात निघाल्यावर तयारी सुरू करणाऱ्याच्या हातात सहा-आठ आठवडेच उरतात आणि हाडाला महिने लागतात. म्हणून ज्यांना पुढच्या भरतीत उतरायचे आहे त्यांनी आज चालणे, उद्या थोडे पळणे आणि वहीत पहिली नोंद, इतक्यापासून सुरुवात करावी.